अप्पांच्या तोंडचं वाक्य

शंभूराजच्या हातून भोक पडलं ते पडायला नको तिथं पडलं. खरं तर एवढंच झालं होतं. चूक कुणाच्या हातून होत नाही? "चुकलं माझं" म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी सगळं मिटलं असतं, वर चहाचा अजून एक कप मिळाला असता. पण आपल्याला सगळं येतं असं जो माणूस गल्लीभर सांगत फिरतो, त्याच्या तोंडातून हे दोन शब्द निघता निघत नाहीत. शंभूराज त्यातलाच.

त्याचं दुकान बेंगळुरातल्या शिवाजीनगरात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. गाड्यांना सीट कव्हर घालणं, म्युझिक सिस्टीम बसवणं, टपावर कॅरियर जोडणं, असली कामं. दुकानाच्या वरच घर. घरात वडील अप्पासाहेब, आई रत्नाबाई आणि हा. बायको सणाला म्हैसूरला माहेरी गेलेली. हे घराणं कधीकाळी फौजेबरोबर इकडं आलं आणि इथलंच झालं. कुठल्या पिढीत, ते अप्पांनाही नीट सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतात, फक्त त्या मराठीत अर्धं शिवाजीनगर मिसळलेलं असतं.

धाकटी बहीण दिव्यश्री इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते. तिचा नवरा विराट तिथंच एका कंपनीत आहे. भला माणूस, पण मासे धरायचं खूळ भारी. आधी तळ्यांवर जायचा, मग तळी पुरेनात. ऑफिसातला त्याचा दोस्त बसवंत कुमट्याकडचा, समुद्राकाठी वाढलेला. त्यानं डोक्यात भरवलं की एका माणसाची प्लॅस्टिकची होडी घे, कयाक म्हणतात तिला. वल्हव, गळ टाक, राजासारखा मासा धर. बेंगळुरात राहून समुद्रातल्या माशांची स्वप्नं! पण जावयाला कोण बोलणार?

बोम्मसंद्र्यात एका कारखान्यात गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या करतात. त्याच प्लॅस्टिकच्या, त्याच भट्टीत अशा होड्याही निघतात. विराटनं तिथून एक पिवळी कयाक घेतली. गळ अडकवायचे होल्डर, नांगर, झेंडा, सगळं आम्हीच बसवून देऊ, असं कारखान्यातला माणूस म्हणाला होता. ते ऐकून शंभूराजला चांगलंच लागलं.

"घरचा माणूस असताना बाहेरच्याला कशाला?" तो विराटला म्हणाला. "आयुष्यभर गाड्यांना भोकं पाडलीत मी. ही तर चाकं नसलेली गाडी. आणा इकडं."

आणि खोटं कशाला बोला, काम त्यानं जीव लावून केलं. कारच्या सीटचा फोम कापून बसायला पाठ टेकेल अशी बैठक केली. तिच्या मागं भाजीवाल्यांकडचा क्रेट रबरी दोरीनं आवळून बांधला, गळाचं सामान ठेवायला. नांगराची दोरी होडीच्या कडेनं दोन कप्प्यांवरून अशी फिरवली की बसल्या जागेवरून नांगर पुढं-मागं सरकवता यावा. वल्हं हातातून सुटलं तर वाहून जाऊ नये म्हणून त्याला जुन्या टेलिफोनसारखी गुंडाळीची दोरी लावली. मोठ्या बोटींना लांबून दिसावं म्हणून उंच काठीवर भगवा झेंडा. दिव्यश्रीनं भारीतलं लाइफ जॅकेट आणलं आणि त्याला शिट्टी बांधून दिली. हे सगळं बघायला गल्लीतली माणसं येऊन जात होती आणि शंभूराज प्रत्येकाला समजावून सांगत होता, जणू जन्मभर बंदरावरच राहिलाय.

आता त्या होडीची एक गोष्ट सांगायला हवी. माणूस तिच्यात बसत नाही, तिच्यावर बसतो. खाली पोट सगळं पोकळ आणि बंद, त्या हवेवरच ती तरंगते. वर लाटेचं पाणी साचू नये म्हणून बैठकीजवळ आरपार नळ्या असतात, पाणी त्यातून थेट खाली समुद्रात उतरतं. नळी पोटातून जाते, पण पोटात उघडत नाही. नळीच्या भिंतीला भोक पडलं तर संपलं.

अष्टमीच्या संध्याकाळी तेच झालं. शेवटचं काम राहिलं होतं, बैठकीजवळचे गळाचे होल्डर. शंभूराजनं सवयीनं गाडीच्या दाराला वापरतात ते लांब स्क्रू घेतले. दारात स्क्रू जितका लांब तितकी पकड चांगली. ड्रिल मारलं, स्क्रू पिळले, होल्डर हलवून बघितला, तसूभर हलला नाही. मग प्लॅस्टिकचा कीस नळीत अडकलाय का म्हणून त्यानं मोबाइलचा दिवा लावून आत डोकावलं, तर नळीच्या भिंतीतून स्क्रूचं टोक चमकत बाहेर आलेलं.

त्यानं तो स्क्रू काढला, आखूड लावला. पण भिंतीला भोक राहिलंच. काडीएवढं. होडी पाण्यात गेली की नळीत कायम पाणी असणार, प्रत्येक लाटेबरोबर ते या भोकातून पोटात जाणार, आणि वर बसलेल्याला पत्ता लागणार नाही. हळूहळू होडी जड होणार, डुलायला लागणार, आणि एकदा का उलटली की परत सुलटी व्हायची नाही. हे सगळं त्याला तिथल्या तिथं कळलं. बिनडोक नव्हता तो, असता तर बरं झालं असतं.

उपायही त्याला ठाऊक होता. गरम हवेची गन घ्यायची, त्याच प्लॅस्टिकचा तुकडा वितळवून भोकात भरायचा. पण ती गन त्या क्षणी अप्पांच्या हातात होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे इथली आयुधपूजा. अप्पा दुकानाच्या मागच्या भिंतीशी बसून जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक पाना, एकेक पक्कड पुसत होते आणि लाल कापडावर मांडत होते. या घरात हत्यार एकदा त्या कापडावर बसलं की दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. ड्रिल तर काम होताच तिथं जाऊन बसलं होतं.

"अप्पा, ती गन द्या जरा, माझ्याकडून चुकलंय." एवढं म्हणायचं. अप्पांनी दिली असती, दोन शब्द बोलले असते, पण दिली असती. मात्र पलीकडंच विराट चहाचा पेला घेऊन उभा होता आणि फोनवर बसवंतला मेहुण्याबद्दल सांगत होता, "आमच्या अण्णांचं काम म्हणजे काम. बोम्मसंद्रावाल्याला असं जमलं नसतं."

हे ऐकल्यावर शंभूराज अप्पांकडं गेलाच नाही. त्यानं खणातून पुट्टी काढली, ती दोन वड्या मळून गळक्या पायपाला लावतात ती. बोटानंच मळली आणि बोटानंच नळीत घालून भोकावर दाबली. गच्चीवरच्या टाकीला मागच्या उन्हाळ्यात त्यानं हीच पुट्टी लावली होती. चार दिवसांत तिची खपली निघून हातात आली होती. या प्लॅस्टिकला ती धरत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी मनाची समजूत घातली, विराट जाणार दिवाळीत. दसरा झाला की गन घेऊन नीट बुजवू, कुणाला कळायचंही नाही.

नवमीला दुकानात पूजा झाली. होडीलाही हळदकुंकू, झेंडूची माळ. लिंबं चाकाखाली ठेवायची, तर हिला चाकंच नाहीत. त्यावर बराच वाद होऊन शेवटी एक पुढं, एक मागं ठेवलं. दारात कुंकू भरलेला कोहळा फुटला. जेवणं झाली. आणि हात धुता धुता विराट म्हणाला, "अण्णा, बसवंत आज गावी चाललाय. मीही निघतो म्हणतो. होडी बरोबर नेतो."

"दिवाळीत जाणार होता ना तुम्ही?"

"समुद्र आत्ता चांगला शांत आहे म्हणतोय तो. सुट्टीही आहे."

शंभूराजला सुटायची एकच वाट दिसली. तो अप्पांकडं वळला. "पूजेतली वस्तू आहे, अप्पा. आजच हलवली तर चालेल का?"

अप्पा मान मागं टाकून हसले. "अरे, गाडी पूजेनंतर फिरवतातच की. खुशाल जा बाबा, मोठा मासा घेऊन ये."

झालं. मग होडी टपावर चढवायला खांदा कुणी दिला? शंभूराजनं. दोऱ्या कुणी आवळल्या? त्यानंच. आणि एवढा वेळ ते एक वाक्य त्याच्या ओठांवर होतं. माळ काढून ठेवताना होतं, गाठ मारताना होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, दिव्यश्रीनं माहेरच्या दारातून हात हलवला, ती दोन दिवस इथंच राहणार होती. आणि ते वाक्य तसंच गिळून हा दुकानाची पायरी झाडायला लागला.

दिवस कलला तसा त्याला दम निघेना. रत्नाबाईंनी पुन्हा पोळी वाढली तर तोंडाची चव गेलेली. दिव्यश्री आईजवळ बसून काहीतरी हसून सांगत होती. तिच्याकडं बघवेना. हिच्या कपाळाचं कुंकू माझ्या एका पुट्टीवर टेकलंय, असं त्याच्या मनात आलं आणि तो ताडकन उठून गच्चीवर गेला. फोन लावला. सांगून टाकायचं, आत्ताच. लाज गेली खड्ड्यात.

ते दोघं रस्त्यात कुठंतरी चहाला थांबले होते. "बोला अण्णा, स्पीकरवर आहात," विराट म्हणाला. मागून बसवंतनं कन्नडमध्ये नमस्कार केला आणि म्हणाला, "अण्णा, नांगराची दोरी काय फिरवलीय हो तुम्ही! गावातले लोक बघून वेडे होतील."

आणि शंभूराज म्हणाला, "विराट, अप्पा म्हणताहेत, होडी पूजेतली आहे. उद्या दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत आपल्या घरातल्या माणसानं तिच्यावर बसायचं नाही."

हे वाक्य कुठून आलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. तोंड उघडलं आणि आलं.

"पण दुपारी तर तेच जा म्हणाले."

"आता नको म्हणताहेत. जुनं माणूस. मनात आलं असेल काही."

"सरी अण्णा, ठीक आहे," विराट म्हणाला. "अप्पांचा शब्द आहे तर नाही बसत."

फोन ठेवल्यावर शंभूराजला इतकं हलकं वाटलं की तो खाली येऊन दोन पोळ्या जेवला. एक दिवस मिळाला होता. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरं काहीतरी सुचेल, नाहीतर खरं सांगू. माणूस एकदा टाळायला लागला ना, की टाळण्यालाच उपाय समजतो.

दसऱ्याच्या सकाळी पूजेची तयारी चालली असताना त्यानं शुभेच्छांच्या निमित्तानं फोन लावला. मागं लाटांचा आवाज येत होता.

"काठावर बसलोय," विराट म्हणाला. "अप्पांचं ऐकतोय बघा. नुसता बघत बसलोय."

"काय बघताय?"

"बसवंतला. तो गेलाय होडी घेऊन. नियम आपल्या घराचा, त्याला कशाला बांधायचं? मुद्दाम रजा काढून आलाय बिचारा, एवढ्या उत्साहानं. लांब गेला, आता झेंडासुद्धा दिसत नाही."

बसवंत शंभूराजच्या हिशेबात नव्हताच. त्यानं बहिणीचा नवरा वाचवला होता, आणि त्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी नवरा बसवून पाठवला होता. आदल्या दिवशी सापडलेल्या त्या हलकेपणाची त्याला शिसारी आली.

"त्याला परत बोलवा," तो म्हणाला.

"का?"

"बोलवा म्हणतो ना. आत्ताच्या आत्ता. दुसरी बोट पाठवा. फोन लावा त्याला."

"अण्णा, झालंय काय?"

इथं तरी सांगायचं! आता सांगायला काय राहिलं होतं? पण मागं अप्पा समई पुसत उभे होते, दिव्यश्री रांगोळीवरून मान वर करून बघत होती, आणि हा म्हणाला, "मला बरं वाटत नाहीये, विराट. माझं ऐका. बोट पाठवा."

विराट उठून पळाला असावा, कारण फोनमध्ये वाऱ्याचा घरघराट झाला आणि मग लाइन गेली. नंतर लागेचना.

त्या सकाळी शंभूराज दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. मागं लाल कापडावर हत्यारं नटून बसलेली. समोरून नवे कपडे घातलेली माणसं चालली होती, सोनं म्हणून वाटायची बन्नीची पानं विकायला बायका बसल्या होत्या, आणि याच्या डोळ्यांपुढं एकच, काडीएवढं भोक आणि त्यातून आत जाणारं पाणी. तो देवाला म्हणत होता, एवढं निभाव, मी सगळं सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो. अप्पांनी पूजेला हाक मारली तेव्हा जाऊन हात जोडून उभा राहिला, पण कशाला हात जोडलेत ते त्याला आठवत नाही.

दुपारी विराटचा फोन आला. बसवंत सापडला होता. होडी जड होऊन डुलायला लागली, त्यानं वळवायचा प्रयत्न केला आणि ती उलटली. उलटलेल्या होडीला धरून राहिला, लाटेनं हात पिळवटून खांदा निखळला. विराटनं पाठवलेल्या मासेमारी बोटीला शिट्टी ऐकू आली म्हणून मिळाला. होडी मात्र तिकडंच वाहून गेली, कुठं गेली पत्ता नाही.

"अण्णा," विराट म्हणाला, "तुम्ही बोट पाठवा म्हणाला नसता तर गेला होता माणूस. तुम्हाला आतून कळलंच होतं. आणि अप्पांनी नको म्हटलं नसतं तर तिथं मी असतो."

होडी गेली होती. म्हणजे भोकही गेलं, पुट्टीही गेली. आता कुणाला कधीच कळणार नव्हतं. आणि शंभूराजनं देवाला दिलेला शब्द? तो म्हणाला, "सुखरूप आहे ना, बस्स," आणि फोन दिव्यश्रीकडं दिला.

खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली, आणि ती त्याला झाली नाही, अप्पांना झाली. दिव्यश्री रडत येऊन अप्पांच्या पाया पडली. "अप्पा, तुमच्या शब्दानं वाचले ते."

"कुठला शब्द?" अप्पा म्हणाले.

"दसऱ्यापर्यंत होडीवर बसू नका म्हणालात ना?"

"मी? मी तर जा म्हणालो होतो." ते सगळ्यांकडं बघू लागले. बघता बघता नजर शंभूराजवर येऊन थांबली. "होय रे, मी नको म्हणालो?"

आणि या पठ्ठ्यानं वडिलांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "म्हणालात की अप्पा. काल संध्याकाळी. जेवायच्या आधी."

अप्पा हळूच म्हणाले, "म्हणालो असेन. हल्ली ध्यानात राहत नसेल."

त्या दिवसापासून त्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडाला. कुठल्या गाडीला कुठलं कव्हर लागतं ते न बघता सांगणारे अप्पा गल्ल्यावर बसायला येईनात. म्हणत, मी कुणाला भलतंच काही देऊन बसेन. गोळी घेतली का, हे रत्नाबाईंना तीनतीनदा विचारायचे. रत्नाबाईही त्यांच्याकडं लपून बघायच्या, चहात साखर दुसऱ्यांदा घालताहेत का, चप्पल शोधताहेत का. बघितलं की काहीतरी दिसतंच. दिव्यश्रीनं मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली. एका संध्याकाळी शंभूराज वर आला तर अप्पा खिडकीशी बसून आपल्या आजोबा-पणजोबांची नावं एकापाठोपाठ एक पुटपुटत होते. सगळी बरोबर म्हटली, तरी परत पहिल्यापासून सुरू केली. शंभूराज आल्या पावली खाली गेला आणि शटर अर्धं ओढून दुकानात बसून राहिला. मी हे काय करून बसलो, असं तो मोठ्यानं म्हणाला. दुकानात ऐकायला कुणी नव्हतं, म्हणूनच म्हणाला.

डॉक्टरकडं जायच्या आदल्या दिवशी विराट बसवंतला घेऊन आला. दिव्यश्रीही बरोबर होती. बसवंतचा हात गळ्यात बांधलेला, चेहरा उतरलेला. दुसऱ्या हातातल्या पिशवीत नारळ आणि फुलं. त्यानं ती अप्पांच्या पायाशी ठेवली आणि तसाच, एका हातावर भार देत, गुडघे टेकून बसला.

"अप्पाजी, माझं चुकलं," तो कन्नडमध्ये म्हणाला. "तुम्ही नको म्हणाला होता, ते मला माहीत होतं. मी ऐकलं होतं ते फोनवर. तरी हौसेपायी गेलो. पूजेतली वस्तू माझ्यामुळं समुद्रात गेली. बायको म्हणाली, आधी जाऊन त्यांची माफी माग. तुम्ही माफ केलं म्हणा, म्हणजे मला झोप लागेल."

अप्पा त्या नारळाकडं बघत राहिले. मग ओशाळून हसले. "अरे बाबा, मला काहीच आठवत नाही बघ. तू म्हणतोस, हे सगळे म्हणतात, तेव्हा म्हणालोच असणार मी. पण मला आठवत नाही. आठवत नसलेल्या गोष्टीची माफी कशी देऊ?"

त्यांनी हात वर उचलला तो बसवंतच्या डोक्यावर ठेवायला, पण तो अर्ध्यावरच थांबवला. शंभूराज दारात उभा होता. तो पुढं आला.

"त्याला माफी मागू देऊ नका," तो म्हणाला. "होडीला भोक होतं. मी पाडलेलं."

कुणालाच काही कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. लांब स्क्रू, नळी, पुट्टी, सगळं. पुट्टी टिकणार नाही हे माहीत असूनही लावली, हे सांगितलं. तुम्ही फोनवर माझं कौतुक करत होता विराट, म्हणून बोललो नाही, हे सांगितलं. सांगताना त्याचा आवाज अगदी सपाट होता, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसा. "आणि अप्पा कधीच नको म्हणाले नव्हते," तो शेवटी म्हणाला. "ते मी बनवून सांगितलं."

बसवंत जमिनीवरून उठला. चांगला हात नकळत दुखऱ्या खांद्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"रस्त्यात फोन केलात तेव्हा आम्ही चहा पीत होतो," विराट म्हणाला. "तेव्हा सांगितलं असतंत तर आम्ही तिथूनच परत आलो असतो. हसलोही असतो कदाचित." तो एवढंच म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. दिव्यश्रीनं भावाकडं बघितलंच नाही. बसवंतची पिशवी उचलून तिनं नारळ परत त्यात ठेवला.

शंभूराज अप्पांपुढं उभा होता. लहानपणी पाना हरवला तरी कानफटात बसायची, आज काय बसेल ते बसू दे, असं ठरवून उभा होता. शिवी देतील, घराबाहेर हो म्हणतील, एवढ्या लोकांत हात उगारतील. तेच हवं होतं त्याला, मनापासून हवं होतं.

अप्पा खुर्चीत पुढं झुकले. त्यांच्या डोळ्यांत राग शोधून सापडत नव्हता.

"म्हणजे मी तसं म्हणालोच नव्हतो?" त्यांनी विचारलं.

"नाही अप्पा."

"कधीच नाही?"

"नाही."

अप्पा रत्नाबाईंकडं वळले. त्यांचा सगळा चेहरा उजळला होता, डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "मी विसरलो नव्हतो. मला सगळं आठवत होतं."

रत्नाबाईंनी पदर तोंडाशी नेला. अप्पा पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, एकदा दिव्यश्रीला, एकदा बसवंतलासुद्धा. शंभूराजला ते हसू बघवलं नाही. तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.